घरातील तंबाखू आणि वयात येणारी मुले

धूमपान हा शब्द आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात दिनचर्येच्या ओघात प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक धूमाचे वर्णन केले आहे, त्याचे आठ काल सांगितले आहेत, आणि अकाली किंवा अतिमात्रेने घेतलेल्या धूमामुळे बाधिर्य, आंध्य, रक्तपित्त, शिरोभ्रम असे उपद्रव होतात हेही बजावले आहे. हा धूम औषधी द्रव्यांचा होता. तंबाखूचे रोप आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आले, तेव्हा बृहत्त्रयीत त्याचे नाव असण्याचे कारणच नाही. तरीही वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात अठरा वर्षांखालील व्यक्तीस हा औषधी धूमसुद्धा वर्ज्य सांगितला आहे. भारत सरकारच्या 2003 च्या कायद्याने तंबाखूविक्रीसाठी हीच अठरा वर्षांची मर्यादा घातली, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात आणि पुढे तिशीपर्यंत सत्त्व बहुधा अस्थिर असते, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात म्हटले आहे. पौगंडावस्थेतील मुलाचे शरीर आणि मन या दोन्हींविषयीचा हा इशारा आहे.

प्रश्न असा की, लालबाग-परळच्या मुलाला ही मर्यादा ओलांडायला प्रथम कोण शिकवते? आपण पटकन नाक्यावरच्या टपरीकडे आणि वाईट संगतीकडे बोट दाखवतो. आमच्या मते बोट आधी घराकडे वळले पाहिजे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. परदेशी लेखनात आईवडिलांच्या सवयीचा विषय निघतो तेव्हा डोळ्यांसमोर सिगारेट असते. आपल्या भागात तेवढ्याने भागत नाही. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई शहरात, उपनगरे वगळून, मतदारयाद्यांच्या आधारे पस्तीस वर्षांवरील सुमारे एक लाख स्त्री-पुरुषांची पाहणी झाली. त्यात पुरुषांपैकी 69 टक्के आणि स्त्रियांपैकी 57 टक्क्यांहून अधिक जण कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. स्त्रियांमध्ये ती जवळजवळ सर्वस्वी बिनधुराची, त्यातही मशेरीच्या रूपाने होती. पुढे 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे 3.8 टक्के, तर बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4 टक्के निघाले. म्हणून विडी ओढणाऱ्या बापाइतकाच मशेरी लावणाऱ्या आईचा आणि बार भरणाऱ्या आजोबांचा विचार येथे करावा लागतो.

ही सवय गिरणगावात कशी रुजली हे जुन्या रहिवाशांना सांगायला नको. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून माणसे गिरणीत आली ती गावची चंची कमरेला लावूनच. खात्यात कापसाला आग लागण्याच्या भयाने विडी पेटवण्यास मनाई; साहजिकच पाळीच्या वेळात तंबाखू-चुना हाच आधार. खोलीत स्वयंपाक उरकल्यावर त्याच तव्यावर तंबाखू भाजून मशेरी केली जाई. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. भोंगा गेला, पण चुन्याची डबी राहिली.

मुलाकडे ती जाते कशी? उपदेशाच्या उलट मार्गाने जाते. बाप मुलाला सांगतो, ‘याच्या नादी लागू नकोस,’ आणि त्याच दमात, ‘जा रे, कोपऱ्यावरून एक पुडी घेऊन ये.’ पुडी आणणारे पोर टपरीवाल्याच्या ओळखीचे होते. हिशेब, नाणी, छाप सारे त्याला पाठ होते. तंबाखू मळून देण्याचे काम तर नातवाकडे लाडाने येते. मुलीची दाढ दुखू लागली की आईच तिला चिमूटभर मशेरी चोळायला सांगते. घरात जे औषध म्हणून वापरले जाते त्याला व्यसन म्हणावे, हे त्या मुलीच्या मनाला कसे पटावे? 2019 मध्ये देशभरातील 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली, तेव्हा बिनधुराची तंबाखू चाखलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच चाखली होती. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला ‘संगत’ कोणाची असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

सिगारेटपुरते पाहिले तर आकडे अधिक नेमके आहेत. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून 2011 मध्ये ‘थोरॅक्स’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या परीक्षणानुसार, आईवडिलांपैकी निदान एक जण धूम्रपान करीत असेल तर मूल त्या मार्गाला लागण्याची शक्यता सुमारे पावणेदोन पट होते, दोघेही करीत असतील तर पावणेतीन पटींच्या घरात जाते. आईच्या सवयीचा परिणाम वडिलांच्या सवयीपेक्षा अधिक आढळला, आणि घरातील भावंडाचा परिणाम एकट्या वडिलांहून मोठा निघाला. चाळीतल्या एका खोलीत थोरला भाऊ ज्या गॅलरीत उभा राहून ओढतो तेथेच धाकट्याचा अभ्यास चालतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

धुराचा शरीरावरील परिणाम वैद्यांना वेगळा सांगावयास नको. बीडीडी चाळीतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. तेथे पेटलेल्या एका विडीचा धूर सर्वांच्याच प्राणवह स्रोतसात जातो. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचे कडक नियम लागू झाले, पण कायदा उंबऱ्याशी थांबतो. तमकश्वासाच्या मुलाला कल्प देऊन आपण घरी पाठवतो, आणि घरी धूर असतोच.

आपल्या व्यवसायालाही या बाबतीत आरसा पाहावा लागेल. ‘आयुर्वेदिक’ म्हणवणाऱ्या काही दंतमंजनांत तंबाखू असे. 1992 मध्ये केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. याचे श्रेय आपल्याला घेता येत नाही. आता रुग्ण विचारतात, ‘वैद्यराज, ही बिनतंबाखूची आयुर्वेदिक विडी चालेल का?’ वयात येणारे मूल घरात असेल तर आमचे उत्तर नाही असेच आहे. मुलाला बोटांमधली विडी दिसते, आतले पान दिसत नाही.

चिकित्सेत काय करावे? मुलाच्या केसपेपरवर आहार-विहारासोबत घरातील प्रत्येकाची तंबाखू लिहावी, मशेरीसह. ‘व्यसन आहे का’ असे विचारल्यास आई ‘नाही’ म्हणते, ‘दात कशाने घासता’ असे विचारल्यास खरे सांगते. मुलासमोर बापाला फैलावर घेऊ नये. पुडी आणण्याचे काम मात्र त्याच दिवशी बंद करावयास सांगावे. मुलाला तंबाखू देणे हा बालन्याय कायदा 2015 च्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे, हेही सौम्य शब्दांत कळवावे. प्रवर सत्त्वाच्या माणसाने एकदम सोडावे. इतरांसाठी चरकोक्त पादांशिक क्रम आहे : अहिताचा चौथा भाग कमी करून तेथे हितकर द्रव्याचा चौथा भाग आणावयाचा, आणि टप्प्याटप्प्यांत एक, दोन, तीन दिवसांचे वाढते अंतर ठेवावयाचे. त्या जागी लवंग, बडीशेप किंवा ज्येष्ठमध द्यावे. सुपारी कदापि नको, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला 2004 मध्ये स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवले आहे. तलफ आवरेनाशी झाल्यास 1800-11-2356 या राष्ट्रीय विनामूल्य क्रमांकावर समुपदेशन मिळते. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारा व्रण किंवा तोंड कमी उघडणे आढळल्यास चूर्णे देत न बसता रुग्णास परळच्या टाटा रुग्णालयात पाठवावे, आणि तो एकटा न जाता घरच्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला सोबत नेईल असे पाहावे.