क्रीडा-चिकित्सेतील उच्चशिक्षण आणि आपले उत्तरदायित्व

परभणी जिल्ह्यातील वैद्याकडे खेळाडू येतो तो बहुधा उशिरा. जत्रेच्या फडात खांदा निखळलेला मल्ल, कबड्डीत गुडघा मुरगळलेला विद्यार्थी, पहाटे धावून पोटऱ्या आखडलेली मुलगी, हे आपल्या चिकित्सालयांतील परिचित रुग्ण होत. याच परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत प्रथम क्रमांक मिळविला, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. साहजिकच व्यवसायबंधूंची मुले आम्हांस विचारू लागली आहेत, की बी.ए.एम.एस. नंतर ॲथलेटिक ट्रेनिंगमध्ये उच्च पदवी घेता येईल काय?

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायामशाळेतील शिक्षक नव्हे. अमेरिकेत तो दुखापतीचा प्रतिबंध, मैदानावरील तातडीचे उपचार आणि पुनर्वसन पाहणारा आरोग्य-व्यावसायिक आहे. तेथील वैद्यक संघटनेने १९९० साली या व्यवसायास मान्यता दिली. २०२२ पासून तेथे या व्यवसायाच्या प्रवेश-शिक्षणासाठी नवे विद्यार्थी केवळ पदव्युत्तर स्तरावरच घेतले जातात. त्यासाठी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, मानसशास्त्र, शरीररचना व शरीरक्रिया यांचे पूर्वाध्ययन लागते. शेवटी प्रमाणन परीक्षा असते. मात्र ही पदवी येथील वैद्यकीय नोंदणीची जागा घेऊ शकत नाही, हे खर्चाचा विचार करणाऱ्या पालकांनी ध्यानी घ्यावे.

आपल्या देशात क्रीडा-भौतिकोपचाराची पदव्युत्तर पदवी भौतिकोपचाराच्या पदवीधरांसाठी आहे. पतियाळा येथील १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा क्रीडावैद्यक पदविका-क्रम एम.बी.बी.एस. धारकांसाठी आहे. म्हणजे आयुर्वेद पदवीधरास ही दोन्ही द्वारे बंद. त्याचा सरळ मार्ग पंचकर्म, कायचिकित्सा वा शल्यतंत्र यांतील एम.डी., एम.एस. हाच होय; प्रबंधासाठी मात्र त्याने खेळाडूंच्या व्याधींचा विषय निवडावा, असे आमचे मत आहे.

या विषयात आपले शास्त्र रिक्तहस्त नाही. व्यायाम अर्ध्या शक्तीपर्यंतच करावा, हा नियम सुश्रुताने सांगितला. कपाळी घाम व मुखशोष ही त्याची खूण. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, श्वास हे विकार होतात, हेही सांगितले. भग्नप्रकरणात ६ संधिमुक्त व १२ कांडभग्न भेद आहेत. १०७ मर्मांचे विवेचन स्वतंत्र आहे. परंतु गुडघ्यातील बंध पूर्ण तुटला असता केवळ लेप-बंधनावर महिने घालविणे हा शास्त्राचा अपमान होय. असा रुग्ण वेळीच अस्थिशल्यज्ञाकडे पाठवावा.

आता सर्वांत गंभीर बाब. राज्य वा राष्ट्रीय स्पर्धेतील खेळाडूच्या मूत्रात निषिद्ध द्रव्य आढळले, तर 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर त्यास वाचवीत नाही. राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्था २००५ साली स्थापन झाली असून २०२२ साली त्यासाठी कायदाही झाला. कुपीलूतील स्ट्रिक्निन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. शोधनाने ते उणावते, नाहीसे होत नाही. म्हणून विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी ही आपली नित्याची औषधे अशा खेळाडूस देऊ नयेत. बलामूळात इफेड्रिन वर्गातील द्रव्ये आढळल्याच्या नोंदी आहेत. भांग व अफूयुक्त कल्प स्पर्धाकाळात वर्ज्य होत. कमळबीजातील हिरव्या अंकुरात आढळणारे हिजेनामिन तर सर्वकाळ निषिद्ध आहे. कंबरदुखीसाठी श्रद्धेने घेतलेल्या दोन गोळ्यांनी शेतकऱ्याच्या मुलाची वर्षांची साधना मातीस मिळावी, याहून दुःखद काय?

यास्तव चिकित्सकांनी रुग्णपत्रकावर 'कोणत्या स्तरावर खेळता, पुढील स्पर्धा केव्हा?' हे दोन प्रश्न जोडावेत आणि दिलेल्या प्रत्येक कल्पाचे घटक लिहून द्यावेत. औषधी विक्रेत्यांनी घटकांची नोंद नसलेली 'शरीर कमाविण्याची' चूर्णे विकूच नयेत. त्यांत स्टिरॉईडची भेसळ असू शकते. उपचारार्थ निषिद्ध द्रव्य अपरिहार्य असेल, तर खेळाडूने आधी रीतसर सवलतीचा अर्ज करावा.

पदवी एखाद्यासच मिळेल. सावधपणा मात्र आपणां प्रत्येकास आजपासून अंगीकारता येईल. आपल्या मुलांनी या क्षेत्रात अवश्य जावे. तोवर जिंतूरपासून सोनपेठपर्यंतच्या खेळाडूंचा पहिला रक्षक आपणच आहोत, याचे भान ठेवू या.