अडेनियमची लागवड व निगा : दारासुरम्‌च्या हवामानाचे उदाहरण

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील :
१. अडेनियमच्या फुगीर बुंध्याचे कार्य सांगता येईल.
२. पाणी, माती व छाटणी यांचे नियम त्या कार्यावरून समजावून देता येतील.
३. आपल्या गावच्या पावसानुसार निगेचे वेळापत्रक तयार करता येईल.
४. तहानलेले झाड आणि कुजलेले झाड यांतील फरक ओळखता येईल.

१. प्रस्तावना

जाड, फुगीर बुंधा, वर मोजक्या फांद्या आणि फांद्यांच्या टोकांना गुलाबी फुलांचे झुबके असलेले झुडूप आज जवळपास प्रत्येक रोपवाटिकेत दिसते. त्याचे नाव अडेनियम. विक्रेते त्याला ‘डेझर्ट रोज’ किंवा ‘वाळवंटी गुलाब’ म्हणतात. पण गुलाबाशी त्याचा काही संबंध नाही. ते करवीर कुलातले, म्हणजे कण्हेर, तगर, चाफा आणि सदाफुली यांच्या घरातले झाड आहे.

हे झाड उन्हाने क्वचितच मरते. ते मरते पाण्याने, आणि बहुधा काळजीपोटी घातलेल्या पाण्याने. पावसाळ्यात त्याला आडोशाला ठेवावे एवढे अनेकांना माहीत असते. पण पावसाळा म्हणजे नेमके कोणते महिने? पुण्यातील विद्यार्थी ‘जून ते सप्टेंबर’ असे उत्तर देईल. तमिळनाडूत कुंभकोणम्‌जवळच्या दारासुरम्‌ला हे उत्तर लागू पडत नाही. म्हणूनच या पाठात दारासुरम्‌चे उदाहरण घेतले आहे.

२. मूळ स्थान व वर्गीकरण

अडेनियम ओबेसम ही जाती आफ्रिकेतील सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात, पूर्व आफ्रिकेत आणि अरबस्तानाच्या दक्षिण भागात आढळते. पेहर फोर्स्कोल या निसर्ग-अभ्यासकाने येमेनच्या प्रवासात तिची नोंद केली. त्याचे १७६३ मध्ये तेथेच निधन झाले. त्याचा ग्रंथ १७७५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ही वनस्पती कण्हेरीच्या प्रजातीत घातलेली होती. अडेनियम ही स्वतंत्र प्रजाती १८१९ मध्ये मांडली गेली. प्रजातीचे नाव एडन या बंदरावरून आले आहे, तर ‘ओबेसम’ म्हणजे लठ्ठ.

आज बाजारात दिसणारे गडद लाल, पिवळसर किंवा दुहेरी पाकळ्यांचे प्रकार संकरातून व निवडीतून तयार झालेले आहेत. त्यांत थायलंड व तैवान येथील उत्पादकांचा वाटा मोठा आहे.

३. बुंधा म्हणजे पाण्याचा साठा

अडेनियमच्या मूळ प्रदेशात थोडे दिवस पाऊस पडतो आणि नंतर अनेक महिने कोरडे जातात. पावसाच्या दिवसांत झाड बुंध्यात व जाड मुळांत पाणी साठवते. कोरडे दिवस आले की पाने गाळून टाकते. पाने गेली की बाष्पोच्छ्वास जवळजवळ थांबतो आणि साठा पुरून उरतो. या फुगीर भागाला रोपवाटिकांत ‘कॉडेक्स’ म्हणतात.

निगेचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. झाडावर भरपूर पाने असतील आणि ऊन कडक असेल, तर ते भरपूर पाणी वापरते. पाने गळालेली असतील किंवा आभाळ दिवसेंदिवस भरलेले असेल, तर पाण्याचा खप अगदी कमी होतो. अशा वेळी कुंडीत आलेले पाणी तसेच राहते. मातीतील हवेच्या पोकळ्या भरून जातात, मुळांना श्वसनासाठी प्राणवायू मिळत नाही, मुळे मरू लागतात आणि तेथून बुरशीचा शिरकाव होतो. साठवणीच्या मऊ पेशींत कूज वेगाने पसरते.

थोडक्यात, सर्वांत जास्त पाणी पडते त्याच दिवसांत झाडाला पाण्याची गरज सर्वांत कमी असते. पावसाळ्यातील खरा धोका हाच.

४. दारासुरम् : पाऊस उशिरा येतो तेव्हा

दारासुरम् कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. दुसऱ्या राजराज चोळाने १२ व्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वर मंदिर येथे असून २००४ मध्ये त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. मंदिराच्या पुढचा नंदीमंडपाभोवतालचा भाग सखल असल्यामुळे जोराच्या पावसात तेथे पाणी साचते. सपाट, गाळाच्या जमिनीवर पाण्याला वाट मिळाली नाही तर काय होते, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते. निचरा नसलेल्या कुंडीत हेच लहान प्रमाणावर घडते.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा बराचसा पाऊस पश्चिम घाटावर पडतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात दारासुरम्‌च्या बाजूला अधूनमधून सरी येतात, पण महाराष्ट्रासारखी झड लागत नाही. वर्षाच्या पावसापैकी सुमारे निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे व चक्रीवादळे याच काळात येतात. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ वादळाने या भागातील झाडांचे व पिकांचे मोठे नुकसान केले होते.

दोन ठिकाणांचे वेळापत्रक पुढीलप्रमाणे ठेवता येईल :

फेब्रुवारी ते मे : दोन्हीकडे वाढीचा व फुलांचा काळ. कुंडी बदलणे आणि छाटणी या काळाच्या सुरुवातीला उरकावी. पूर्ण ऊन व नियमित पाणी द्यावे.

जून ते सप्टेंबर : पुण्यात कुंड्या पत्र्याखाली किंवा पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात ठेवाव्यात. दारासुरम्‌ला त्या उन्हातच राहू द्याव्यात. सरी येऊन गेल्यावर त्या दिवशी पाणी देऊ नये.

ऑक्टोबर ते डिसेंबर : पुण्यात पाऊस सरल्यावर झाड पुन्हा उन्हात आणावे व थंडी वाढेल तसे पाणी कमी करावे. दारासुरम्‌ला मात्र झाकण्याचे महिने हेच. कुंड्या गच्चीच्या कठड्यावर ठेवू नयेत, वाऱ्याने पडतात.

जानेवारी : विदर्भात रात्री गारठा वाढला की पाने गळतात. ही विश्रांती आहे, रोग नव्हे. पाणी जवळजवळ बंद ठेवावे. दारासुरम्‌ला थंडी सौम्य असल्याने बहुतेक पाने टिकतात, म्हणून माती वाळल्यावर थोडे पाणी चालू ठेवावे.

५. माती, कुंडी व खत

त्रिभुज प्रदेशातील गाळाची माती भातासाठी उत्तम, पण अडेनियमच्या कुंडीत ती एकटी वापरू नये. महाराष्ट्रातील काळ्या मातीलाही हेच लागू आहे. दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग माती आणि एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत हे मिश्रण सोपे आणि पुरेसे आहे. कुंडी उथळ, पसरट व तळाला मोठी भोके असलेली घ्यावी. मातीची कुंडी बाजूंनीही वाळते, म्हणून ती अधिक सुरक्षित. कुंडीखाली बशी ठेवू नये.

मिश्रणाची परीक्षा सोपी आहे. कुंडी भरून पाणी ओतावे. ते वर तुंबून न राहता लगेच तळातून वाहू लागले पाहिजे.

खत वाढीच्या काळातच द्यावे. नत्र जास्त झाल्यास फांद्या लांबतात, पाने वाढतात आणि फुले कमी येतात. रोज किमान पाच ते सहा तास ऊन मिळाले नाही तरीही असेच होते.

६. छाटणी व अभिवृद्धी

फुले नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात. म्हणून छाटणीने फांद्यांची संख्या वाढवली की फुलेही वाढतात. कुंडी बदलताना बुंधा दर वेळी थोडा वर उचलून लावतात, म्हणजे फुगीर मुळे दिसू लागतात. मुळे कापली असतील तर झाड काही दिवस सावलीत सुकवून मगच लावावे.

बियांपासून केलेल्या रोपाचा बुंधा चांगला फुगतो. ताजे बी ऊबदार दिवसांत साधारण आठवड्यात रुजते. मात्र संकरित जातीचे बी मूळ झाडासारखीच फुले देईल असे नाही. हवी ती जात टिकवण्यासाठी बियांच्या रोपावर तिचे कलम बांधतात. छाट कलमाने रोप तयार होते, पण त्याला तसा गोलसर बुंधा सहसा येत नाही.

७. तहान की कूज?

नवशिक्यांची सर्वांत महाग पडणारी चूक येथे होते. बुंधा मऊ लागला की झाडाला पाणी हवे असे समजून पाणी घातले जाते. पण मऊपणाचे अर्थ दोन आहेत.

तहानलेल्या झाडाचा बुंधा सगळीकडे सारखाच किंचित दबतो, सालीवर सुरकुत्या येतात आणि माती कोरडी असते. पाणी दिल्यावर काही दिवसांत तो पुन्हा घट्ट होतो.

कुजलेल्या झाडाचा बुंधा एखाद्याच जागी लिबलिबीत लागतो. माती ओली असूनही पाने पिवळी पडून गळतात. कधी वासही येतो. येथे पाणी म्हणजे विष. झाड लगेच उपटून मुळे धुवावीत. तपकिरी भाग निर्जंतुक केलेल्या सुरीने, आत पांढरा निरोगी भाग लागेपर्यंत कापावा. जखमेवर बुरशीनाशक भुकटी लावून झाड हवेशीर सावलीत सुमारे आठवडाभर सुकवावे. मग कोरड्या मिश्रणात लावून काही दिवसांनी थोडे पाणी द्यावे. वेळेत ओळखले तर अशी झाडे वाचतात.

८. कीड व सावधगिरी

पिठ्या ढेकूण, मावा व लाल कोळी या नेहमीच्या किडी. कडुलिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे. कण्हेरीवर येणारी मोठी अळी याही झाडाची पाने खाते. ती हाताने वेचून काढावी.

झाडाचा चीक विषारी आहे. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. आफ्रिकेत शिकारीच्या बाणांना लावण्याचे विष या झाडापासून करीत. छाटणी करताना हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत आणि छाटलेल्या फांद्या मुलांच्या व गुराढोरांच्या वाटेत टाकू नयेत.

सारांश

अडेनियमचा बुंधा हा पाण्याचा साठा आहे. पाणी किती द्यावे हे पानांवरून व उन्हावरून ठरवावे, आणि झाड कधी झाकावे हे आपल्या गावच्या पावसावरून. पुण्याचे वेळापत्रक दारासुरम्‌ला जसेच्या तसे वापरले, तर झाड जूनमध्ये विनाकारण आडोशाला जाईल आणि नोव्हेंबरच्या पावसात उघड्यावर राहील.

स्वाध्याय

१. पाने गळालेल्या अडेनियमला जास्त पाणी का देऊ नये? बाष्पोच्छ्वासाच्या आधारे स्पष्ट करा.
२. आपल्या जिल्ह्यातील मासिक पावसाचे आकडे मिळवा आणि अडेनियमच्या निगेचे बारा महिन्यांचे वेळापत्रक तयार करा.
३. बुंधा मऊ लागल्यास निदानासाठी कोणत्या तीन गोष्टी तपासाल?
४. करवीर कुलातील तुमच्या परिसरातील चार झाडे शोधा व त्यांच्या फुलांची अडेनियमशी तुलना करा.