हिवाळ्यात बंद राहणारे घर

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली की नागपूरच्या आपल्या व्यापारी कुटुंबांत प्रवासाची तयारी सुरू होते. चार महिन्यांच्या विरामानंतर शत्रुंजयाची यात्रा याच दिवशी पुन्हा आरंभ होते. सम्मेद शिखरजीची चढण, टोंकांची वंदना आणि उतरण असा २७ किलोमीटरचा पल्ला गाठायचा, तर वडीलधाऱ्यांना थंडीचेच दिवस सोयीचे पडतात. काही घरची मंडळी याच सुमारास मुलांकडे पुण्याला वा बंगळूरला जातात, तर काहींचा मुक्काम परदेशी असतो. इतवारीत अशा घरांचे दृश्य ठरलेले असते. खाली मुनीम दुकान चालवीत असतात आणि वरच्या मजल्याला दोन-दोन महिने कुलूप असते.

यात्रेची तयारी महिनाभर चालते. घराच्या वाट्याला मात्र निघण्याची आदली रात्र येते. दागिने लॉकरमध्ये, दूधवाल्याला निरोप, कुलूप दोनदा ओढून पाहणे, इतक्यावर काम आटोपते. पण घर माणसांनी रिकामे झाले, तरी जीवांनी रिकामे होत नाही. माणसांचा वावर थांबला की पाणी, अन्नाचे कण, ओल आणि अंधार यांच्या आश्रयाने जीवोत्पत्तीला मोकळे रान मिळते. परतल्यावर घर झुरळांनी, मुंग्यांनी, वाळवीने भरलेले आढळते आणि औषध फवारणाऱ्या माणसाला बोलावणे धाडले जाते. जी हिंसा टाळण्यासाठी आपण रात्रीचे भोजन सोडतो, पाणी गाळून पितो, ती एका दुपारी घाऊक प्रमाणात घडते. म्हणून घर बंद करण्याच्या कामाला मी सुरक्षेइतकेच यत्नाचाराचे काम मानतो.

अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झालेले आपले आप्त डिसेंबरात नागपूरला येतात, तेव्हा त्यांचीही घरे मागे बंदच असतात. त्यांची चिंता निराळी असते. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते आणि नळ फोडते; बर्फ वितळला की घरभर पाणी होते. त्यामुळे ती मंडळी नळांतील पाणी काढून टाकतात किंवा रिकाम्या घरातही मंद उष्णता चालू ठेवतात. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. शहराच्या इतिहासात नोंद व्हावी अशी ती थंडी होती, तरी त्या रात्रीही कोणाचे नळ फुटण्याचे कारण नव्हते. आपल्या नळांना थंडीची भीती नाही. साचून राहिलेल्या पाण्याची मात्र आहे.

या पाण्याचे पहिले ठिकाण म्हणजे कूलर. नागपुरात कूलर नसलेले घर विरळा. उन्हाळा सरला की त्याचा पंखा बंद होतो, पण टाकीच्या तळाशी चार बोटे पाणी राहते आणि पावसाळ्यात त्यात भर पडते. डेंग्यू पसरवणारा डास आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला चिकटवतो. ही अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात आणि पाणी पुन्हा लागताच त्यांतून जीव बाहेर पडतात. म्हणजे केवळ पाणी ओतून दिल्याने भागत नाही. भिंती घासाव्या लागतात, आणि तोवर अंडी घातली गेली असतील तर ते घासणेही निर्दोष राहत नाही. शेवटचा कूलर बंद झाला त्याच दिवशी टाकी रिकामी करून, पुसून, उन्हात वाळवून, ताट्या काढून वर कापड बांधले असते, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. गच्चीवरील टाकीचेही तेच. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून टाकी पूर्ण रिकामी करावी आणि झाकण घट्ट बसवावे.

न्हाणीघरातील जाळीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जाळीखालच्या वळणात थोडे पाणी कायम अडून असते आणि तेच गटारातील दुर्गंधी व झुरळे वर येऊ देत नाही. घर बंद राहिले की नागपूरच्या कोरड्या हवेत हे पाणी काही आठवड्यांत आटते आणि वाट मोकळी होते. पाण्यावर चमचाभर तेल ओतावे, म्हणजे ते आटत नाही, असा उपाय अनेक जण सांगतात. उपाय खरा आहे, परंतु त्या तेलात पडलेला जीव वाचत नाही. त्यापेक्षा जाळीवर जाड प्लास्टिक पसरून त्यावर पाटा किंवा सपाट फरशी ठेवणे बरे.

स्वयंपाकघराच्या बाबतीत आपल्या परंपरेने निम्मे काम आधीच करून ठेवले आहे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवसांची मानतात. दोन महिने बाहेर जाणाऱ्याने पीठ, रवा, बेसन मागे ठेवायचे नाही, हा हिशेब त्यातूनच निघतो. जे उरेल ते निघण्यापूर्वी आठवडाभर आधी, चांगले असतानाच, कोणाच्या तरी मुखी पडावे. वर्षाचे गहू मात्र देऊन टाकता येत नाहीत. ते कडक उन्हात वाळवून, कोठी कोरडी करून, झाकणाच्या कडेला फट न ठेवता भरलेले असतील तर सोंड्यांना तिथे आधार मिळत नाही. ओलसर धान्यात त्यांची वाढ होते. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडे राहील अशी कापडाची घडी अडकवावी. बंद दाराच्या फ्रिजमध्ये बुरशी धरते. गॅसच्या सिलिंडरवरून रेग्युलेटर काढून टोपी लावावी. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भारित करून, पाण्याची पातळी पाहून मगच तो बंद करावा.

कपाटांविषयी ग्रंथभांडारांकडून शिकण्यासारखे आहे. आपल्या विदर्भातील कारंजा येथील भांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते टिकली, म्हणूनच डॉ. हिरालाल जैन यांना १९३०च्या दशकात तेथील अपभ्रंश ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध करता आले. लाकडी पाट्यांत धरलेली आणि कापडात बांधलेली पाने वर्षातून एकदा बाहेर काढायची, वारा द्यायचा, पुसून पुन्हा बांधायची, एवढीच ती साधी व्यवस्था. श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमीला हे होते आणि हीच आपल्या व्यापाऱ्यांची लाभपंचमी. वह्यांची पूजा झाल्यावर त्याच दिवशी जुनी खाती, मालमत्तेची कागदपत्रे, रेशमी वस्त्रे उन्हात घालून ठेवली, की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कपाटे बंद करण्यास सिद्ध होतात. कपाटे भिंतीपासून वितभर पुढे ओढून ठेवावीत. वाळवी भिंतीतून येते आणि मागची बाजू आधी पोखरते.

ज्यांच्या घरी प्रतिष्ठित प्रतिमा आहे, त्यांनी तिच्या नित्य पूजेची व्यवस्था मंदिराच्या विश्वस्तांशी बोलून आधीच ठरवावी. निघताना दिवा लावण्याची रीत असली, तरी तो जळता ठेवून कुलूप लावू नये.

आता चोरीविषयी. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरते आणि पोलिसांचा मोठा भाग बंदोबस्तात गुंतलेला असतो. तरीही आपल्या ठाण्यात घर बंद असल्याचे लेखी कळवावे. वर्तमानपत्र थांबवावे, दारातील चार अंकांची चवड हीच चोराला पुरेशी खूण असते. शिखरजीवरून छायाचित्रे पाठवण्याची घाई करू नये, हे सांगून कोणी ऐकत नाही, तरी सांगतो. बँकेच्या लॉकरविषयीही एक गोष्ट ठाऊक असावी. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी यांमुळे झालेल्या नुकसानीत बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरते असते. आपले सोने त्याहून पुष्कळ अधिक मोलाचे असते. घराच्या विम्याच्या कागदातही घर सलग किती दिवस रिकामे राहिले तर काय, याचे कलम असते का, ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी ही मुदत ३० दिवसांची असते. दुकानाचा विमा डोळ्यांत तेल घालून वाचणारे आपले व्यापारी घराचा विमा क्वचितच उघडून पाहतात.

गच्चीवरील पाणी जाण्याची भोके साफ करून निघावे. विदर्भात थंडीत अवकाळी पाऊस येतो, गाराही पडतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. तुंबलेल्या गच्चीचे पाणी शेवटी छतातूनच उतरते.

शेवटी पारव्यांकडे पाहावे. एक्झॉस्ट पंख्याचे भोक, माळ्याची फट, कूलरमागची बैठक ही त्यांची आवडती ठिकाणे. अंडी उबायला सुमारे अठरा दिवस आणि पिल्लू उडायला आणखी महिनाभर लागतो. म्हणून जाळी बसवायची ती घरटे होण्याआधी. घरटे झालेच असेल, तर तेवढी वाट मोकळी ठेवून निघावे आणि जाळी परतल्यावर लावावी. आतही कोणी अडकलेले नाही ना, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे. मांजरी माळ्यावर पिल्ले देतात आणि दिवसभर ती गप्प असतात. आमच्या आजी सामान खाली उतरवून झाल्यावर सर्वांना जिन्यात थांबवीत, दिवे मालवीत आणि एकट्याच अंधाऱ्या घरात घटकाभर बसून राहत. कुठून खुडबुड आली नाही, की त्या बाहेर येत आणि मगच आजोबा कुलूप घालत.