वेदनेचं बटण

२०२५च्या जानेवारीत अमेरिकेत सुझेट्रिजिनला परवानगी मिळाली. अफूच्या कुळाबाहेरचं नवं वेदनाशामक! लगेच वेदनामुक्त जगाची स्वप्नं रंगू लागली. उत्तर पाकिस्तानातल्या एका मुलाची गोष्ट ठाऊक असणारे मात्र जरा सबुरीने घेतील.

हा मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. दंडात सुऱ्या खुपसायचा, निखाऱ्यांवर चालायचा. स्पर्श कळे, ऊन-गार कळे, दुखणं तेवढं ठाऊक नव्हतं. चौदावं वर्ष पुरं होण्याआधीच छपरावरून उडी मारून तो गेला. केंब्रिजच्या जेफ्री वूड्स आणि सहकाऱ्यांनी त्याच भागातल्या अशा सहा जणांना तपासलं. सगळ्यांच्या ओठांवर किंवा जिभेवर स्वतःच्याच दातांच्या जखमा होत्या. २००६ मध्ये कारण हाती लागलं: एससीएन९ए या जनुकातला बिघाड. त्यामुळे मज्जातंतूंमधली नॅव्ह १.७ ही सोडियमची वाहिनी निकामी होते. (अशांना वासही येत नाही, हे पुढे कळलं.)

ही वाहिनी औषधाने बंद करायला कंपन्या धावल्या, पण यश दूरच राहिलं. सुझेट्रिजिन बंद करतं ते तिचं भावंड, नॅव्ह १.८.

या गदारोळात पॉल ब्रँड यांचं नाव क्वचितच निघतं. कोल्ली टेकड्यांत जन्मलेले हे शल्यविशारद वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करत. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एका लहान रुग्णाने किल्ली सहज फिरवली. पाहतात तर त्याचं बोट हाडापर्यंत कापलेलं! ब्रँडना उमगलं, की बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. बधिरपणामुळे रोजच्या कामात झिजतात. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडत, म्हणून त्यांनी रुग्णांना मांजरं पाळायला दिली!

पुढे अमेरिकेत त्यांनी कृत्रिम वेदनेचा घाट घातला. हातमोज्यात दाब मोजणारी यंत्रणा. धोका झाला की शिटी. रुग्ण दुर्लक्ष करत. मग विजेचा झटका दिला, तर नेमक्या कामाच्या वेळी रुग्ण बटण बंद करत. प्रकल्प गुंडाळावा लागला. औषधांच्या जाहिरातींपेक्षा हा फसलेला प्रयोग जास्त शिकवून जातो. वेदना उपयोगी पडते ती तिचं बटण आपल्या हाती नसतं म्हणूनच.

मधुमेहानेही पाय असेच बधिरतात. तेव्हा घरातल्या मधुमेहींनी रोज झोपण्याआधी तळपाय पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा खाली धरून. आणि पाय धुण्याआधी पाणी कोपराने तपासावं.