बोलेरो आणि चार मीटरची पट्टी

मंडळी, शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुठल्याही फाट्याला अर्धा तास उभं राहा. दुचाक्या आणि रिक्षा सोडल्या तर एक गाडी पुन्हा पुन्हा दिसेल. चौकोनी, उभट, पाठीवर स्टेपनी घेतलेली. कधी ती पांढरी शुभ्र, नेत्याची किंवा ठेकेदाराची. कधी तिचाच पिकअप अवतार, मागे भाजीच्या जाळ्या नाहीतर मांडवाचं सामान. बोलेरो. आजचं व्याख्यान हिच्याबद्दल आहे.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. हल्ली ज्या गाड्यांना आपण 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतो, म्हणजे ब्रेझा, नेक्सॉन आणि त्यांच्या बहिणी, त्या तांत्रिक भाषेत क्रॉसओव्हर. मोटारीचा सांगाडा घ्यायचा, तो उंच करायचा आणि त्यावर जीपचा अंगरखा चढवायचा. बोलेरोचं उलट झालं. ती हाडाची जीपच. तिला मोटारीच्या मापात बसायला सांगितलं गेलं. हे का झालं आणि त्यात तिच्यात बसणाऱ्यांचं काय झालं, एवढंच आज सांगायचं आहे.

जीपपासून सुरुवात करू. 1947 पासून महिंद्राने मुंबईत विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. पुढे भाग इथेच बनू लागले, आणि त्याच वंशावळीत कमांडर, मार्शल, आर्मडा आल्या. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. शहापूरला आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं आहेत, पण तालुका त्या रुळापासून आत खूप पसरलेला. एसटी डोळखांब, टोकावडे, धसईपर्यंत येणार, त्यापुढे पाड्यापर्यंत कोण नेणार? तर जीप. म्हशाच्या जत्रेला जीप, वऱ्हाडाला जीप, बाळंतिणीला रस्त्यापर्यंत डोलीतून आणल्यावर पुढे दवाखान्यात न्यायलाही जीप. 2021-22 मधला एसटीचा लांबलेला संप आठवा. गावं चालू राहिली ती बरीचशी याच गाड्यांवर.

जीप हे का करू शकली, ते तिच्या पोटाखाली वाकून बघितलं की कळतं. पोलादाच्या दोन लांब तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे. हुबेहूब शिडी. म्हणूनच तिला लॅडर फ्रेम म्हणतात. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस सगळं या शिडीला बांधलेलं. वरचा पत्र्याचा सांगाडा नुसता बोल्टांनी बसवलेला, भार त्याच्यावर नाही. त्यामुळे एका चाकाखाली दगड आला, गाडी तिरपी झाली, तरी शिडी ते सोसते. मागे लोखंडी पाटे. पाट्यांची ताकद ठरवलेली असते भरलेल्या गाडीसाठी. म्हणून रिकामी जीप खड्ड्यात उडते आणि दहा माणसं बसली की शांत चालते. मागच्या बाकावर ज्यांनी प्रवास केलाय त्यांना हे पाठीच्या कण्याने माहीत आहे.

2000 साली बोलेरो आली ती आर्मडा ग्रँडवरून. शिडी तीच, मागचे पाटे तेच, ताकद मागच्या चाकांना. वर मात्र बंद केबिन, काचा, बरी सीट, पुढे एसीची सोय. नाव एका स्पॅनिश नाचाचं! गावात कुणाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. 'बोलेरो' हे मराठी तोंडाला सोपं पडलं, एवढं पुरे. 2007 मध्ये तोंड बदललं, 2011 मध्ये पुन्हा बदललं. बाहेरून बघणाऱ्याला हे बदल किरकोळ वाटतात आणि बाहेरून ते किरकोळच होते.

खरा बदल बोनेटखाली झाला. जुन्या डिझेल इंजिनात एक यांत्रिक पंप असे. तो आपल्या फिरण्याच्या तालावर प्रत्येक सिलिंडरला डिझेल ढकलायचा. बिघडला तर फाट्यावरचा मेकॅनिक पाना घेऊन, नळी सोडून, हवा काढून, तासाभरात गाडी चालू करून द्यायचा. 2011 च्या सुमारास बोलेरोत कॉमन रेल इंजिन आलं. यात सगळं डिझेल आधी एका सामायिक नळीत प्रचंड दाबाने भरून ठेवतात आणि कुठल्या सिलिंडरला कधी, किती थेंब सोडायचे ते एक छोटा संगणक ठरवतो. धूर कमी, आवाज कमी, मायलेज बरं. पण आता पान्याने भागत नाही, स्कॅनर लागतो. गाडी अडली की पूर्वी मेकॅनिक गाडीपाशी यायचा, आता गाडी टोचन करून शहराकडे न्यायची. धुराचे नियम कडक झाले ते योग्यच झालं, याबद्दल आमचं दुमत नाही. पण त्याची किंमत गावच्या गॅरेजने मोजली, हेही नोंदवायला हवं.

आता पट्टीकडे येऊ. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आणलं गेलं. लहान कुठली? लांबी 4000 मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत. हेतू साधा होता, कारखान्यांनी छोट्या गाड्या बनवाव्यात. पण या एका ओळीने पुढची वीस वर्षं आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आकार ठरवला. कुठलीही गाडी बघा, 3994, 3995, 3999 मिलिमीटर. 

2013 मध्ये उलट्या बाजूने वेढा पडला. चार मीटरहून लांब, 1500 सीसीहून मोठं इंजिन आणि जमिनीपासून 170 मिलिमीटर किंवा जास्त उंच, अशा गाडीवर शुल्क 27 वरून 30 टक्के झालं. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाड्यांना ही वाढ लागू नव्हती, हे खरं. तरी तिसरी अट पुन्हा ऐका. जमिनीपासून उंच. पावसाळ्यात ज्या रस्त्यावर मुरूम वाहून जातो आणि मोरीवरून पाणी जातं, तिथला माणूस उंच गाडी घेतो ती मिरवायला नव्हे. मुंबईच्या मॉलबाहेर उभी असलेली आणि डोळखांबच्या पुढे चिखलात उभी असलेली गाडी कायद्याला सारखीच दिसली.

बोलेरो या व्याख्येत तिन्ही अंगांनी अडकली. लांबी 4107 मिलिमीटर, इंजिन 2523 सीसी, आणि उंच तर ती होतीच. सप्टेंबर 2016 मध्ये 'बोलेरो पॉवर प्लस' आली, 3995 मिलिमीटरची. 112 मिलिमीटर कमी, म्हणजे चार बोटांहून थोडं जास्त. दोन चाकांमधलं अंतर तेच राहिलं. बंपर नव्याने आखून ते आत घेतले. चार सिलिंडरचं मोठं इंजिन जाऊन तीन सिलिंडरचं 1493 सीसीचं आलं. रेषा 1500 ची, गाडी 1493 वर. लोक तेव्हा म्हणाले, तीन सिलिंडरची कसली बोलेरो, घाटात दम टाकेल. कागद बघितला तर जुनी 63 अश्वशक्तीची होती, नवी 70 ची. ओढ, म्हणजे टॉर्क, दोन्हींची 195 न्यूटन मीटर. छोटं इंजिन मोठ्याचं काम करत होतं ते टर्बोच्या आणि कॉमन रेलच्या जोरावर. थरथर वाढली, ती मात्र खरी. तीन सिलिंडरांचे धक्के एकमेकांना पुरते मारत नाहीत.

त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रेझा आली होती. वर्षानुवर्षं देशात सर्वात जास्त खपणारी एसयूव्ही म्हणून बोलेरोचा जो मान होता, तो ब्रेझाने घेतला. तिच्या खाली शिडी नाही. पत्र्याच्या घड्यांचाच सांगाडा, इंजिनपासून डिकीपर्यंत एकसंध, याला मोनोकॉक म्हणतात. ताकद पुढच्या चाकांना. वजन कमी, वळणावर स्थिर, आत शांत. एक गंमत सांगतो. 2020 मध्ये बीएस-6 आल्यावर ब्रेझाने डिझेल सोडलं आणि 1462 सीसीचं पेट्रोल इंजिन घेतलं. लांबी 3995, पण पेट्रोलची रेषा 1200 ची. म्हणजे शेपटी छाटलेलीच राहिली आणि करातली सवलत गेली.

माळशेजच्या वळणांवर पाच माणसांचं कुटुंब घेऊन जायचं असेल तर मोनोकॉक गाडी जास्त आरामाची, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. पण तिच्यात पाचच बसतात. जीप गावाची असायची, ही घराची आहे. रस्त्यावर हात दाखवला तर ती थांबत नाही, थांबली तर जागा नसते.

2021 च्या जुलैमध्ये महिंद्राने टीयूव्ही 300 या 2015 च्या गाडीला नवं रूप देऊन 'बोलेरो निओ' असं नाव दिलं. शिडी आहे, मागच्या चाकांना ताकद आहे, 100 अश्वशक्ती आहे, लांबी अर्थातच 3995. मागे दोन आडव्या सीट. जुनी बोलेरोही सोबत विकली जात राहिली. या आडव्या सीटांबद्दलच आम्हाला आज जास्त बोलायचं आहे.

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो, खुटघरला त्यावर चढता येतं. सपाटीवर ताशी 120 ची मुभा. ज्या गाडीने किन्हवलीच्या रस्त्यावर तीस-चाळीसने आयुष्य काढलं, तीच आता खुटघरला वळून तिथे जाते. टक्कर झाली तर गाडीला जी ऊर्जा गिळावी लागते ती वेगाच्या वर्गाने वाढते. 60 ऐवजी 120, म्हणजे दुप्पट नाही, चौपट.

आपल्याकडे एक समज पक्का आहे: पत्रा जाड, चेसिस भक्कम, म्हणजे माणूस सुरक्षित. टक्करीत गाडी मोडली नाही तर तो धक्का जातो कुठे? आत बसलेल्यांच्या छातीत आणि मानेत. चांगल्या गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरगळतो आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहतो. रांजणगावला बनणारी नेक्सॉन डिसेंबर 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. एप्रिल 2024 मध्ये याच संस्थेने बोलेरो निओ ताशी 64 किलोमीटरने आदळवली. एक तारा. मोठ्यांसाठी एक, मुलांसाठीही एक, आणि सांगाडा अस्थिर असा शेरा. हा निकाल निओचा आहे, मूळ बोलेरोचा नाही, हे लक्षात ठेवा. पण शिडी आहे म्हणून माणूस वाचतो हा समज तिथे पडला.

आडव्या सीटवर बसलेला माणूस प्रवासाच्या दिशेला खांदा करून बसतो. ब्रेक लागला की तो पुढच्या सीटच्या पाठीवर कुशीवर आपटतो. पट्टा असला तरी बहुतेक कमरेचाच, आणि कडेने येणाऱ्या धक्क्यात कमरेचा पट्टा मान सावरत नाही. आणि तिथे बसतं कोण? मुलं, किंवा घरातल्या बाया.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, मग सगळ्यांना समोर तोंड करून, पट्टा लावून बसवेल अशी मोठी गाडी का घेऊ नये? त्याचं उत्तर पुन्हा पट्टीत सापडतं. एप्रिल 2024 मध्येच नऊ आसनांची 'निओ प्लस' आली, तिची लांबी 4400 मिलिमीटर, इंजिन 2.2 लिटर. मागच्या सीटा तिच्यातही आडव्याच, पण तो भाग तूर्त सोडा. जीएसटीच्या जुन्या रचनेत छोट्या डिझेल गाडीवर कर-उपकर मिळून 31 टक्के आणि अशा मोठ्या गाडीवर 50 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून उपकर गेला, दर 18 आणि 40 झाले. रेषा मात्र जिथे होती तिथेच आहे, चार मीटर आणि 1500 सीसी. पाच माणसं नेणाऱ्या गाडीला 18, नऊ नेणाऱ्या गाडीला 40. प्रत्येक सीट समोर वळवायची तर लांबी लागते, आणि आपल्याकडे लांबीवर कर आहे.

दुसरा प्रश्न होता, आमच्याकडे 2018 ची बोलेरो आहे, ती विकू का? नको. डोळखांबच्या आत तुम्हाला तीच लागणार आहे. खुटघरला वळायचं असेल तर मागच्या आडव्या सीटा रिकाम्या ठेवा, टायरची हवा पाहून घ्या आणि ऐंशीच्या पुढे जाऊ नका. मुलांना मधल्या सीटवर, पट्टा लावून. उरलेल्यांसाठी आसनगावहून गाडी पकडा; लोकल कसाऱ्यापर्यंत जाते.