पाण्याचे देणे

विमान उतरू लागले की उंचीचा आकडा कमी कमी होत शून्याकडे येतो आणि चाके टेकली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण जगात काही धावपट्ट्या अशा आहेत, की तिथे हा आकडा शून्यही ओलांडून खाली जातो. समुद्रसपाटीच्या दाबावर लावलेला उंचीमापक तिथे, विमान जमिनीवर उभे असतानाही, उणे उंची दाखवतो. बँकेत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला उणे आकडा दिसला, की पहिला प्रश्न सुचतो तो हाच : ही उचल फेडतो कोण?

यातली सर्वांत खोल धावपट्टी मृत समुद्राच्या काठी, इस्राएलमधल्या मसादा किल्ल्याजवळ आहे. बार येहुदा तिचे नाव. समुद्रसपाटीखाली सुमारे 378 मीटर. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकची छोटी धावपट्टी सुमारे 64 मीटर खाली आहे. कास्पियन समुद्राच्या बाजूला अतिराऊ आणि आस्त्राखान हे विमानतळही वीसेक मीटर खालीच. आकडे ऐकून छाती दडपते, पण यांपैकी कुठेही महासागराचे पाणी आत शिरण्याची धास्ती नाही. मध्ये डोंगर आहेत, नाहीतर शेकडो मैल जमीन आहे. मृत समुद्राची तर उलटीच तऱ्हा. जॉर्डन नदीचे पाणी वरच्या वरच वळवले गेल्यामुळे त्याची पातळी वर्षाला सुमारे एक मीटर उतरते आहे आणि काठची जमीन ठिकठिकाणी खचून खड्डे पडताहेत. जगातल्या सर्वांत खोल धावपट्टीच्या शेजारून पाणी निघून चालले आहे!

खरी उचल आहे ती ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाच्या नावावर. खोली म्हणाल तर जेमतेम साडेतीन मीटर, आपल्या घराच्या एका मजल्याएवढी. युरोप-अमेरिकेला जाताना तिथे विमान बदलणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना आपण तळ्याच्या तळावर बसून कॉफी पितो आहोत, याची कल्पनाही नसते. पण तो खरोखरच तळ्याचा तळ आहे. हार्लेमरमेर हे त्या तळ्याचे नाव. 1573 साली स्पॅनिश आणि डच बंडखोरांच्या जहाजांची लढाई याच तळ्यावर झाली. वाऱ्याबरोबर लाटा काठ कुरतडत आणि तळे वाढत जाई. यान लेघवॉटर नावाच्या माणसाने सतराव्या शतकातच 160 पवनचक्क्या लावून ते उपसण्याची योजना मांडली होती. ती कागदावरच राहिली. पुढे 1836च्या नोव्हेंबरमध्ये वादळाने तळ्याचे पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आणले आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्या वादळाने लायडनपर्यंत. तेव्हा कुठे सरकार हलले.

1840 साली तळ्याभोवती सुमारे 60 किलोमीटर लांबीचा कालवा आणि बांध घालायला सुरुवात झाली. वाफेवर चालणारी तीन प्रचंड पंपघरे उभी राहिली. त्यांतल्या एकाला त्या लेघवॉटरचेच नाव दिले, ही त्या लोकांची कृतज्ञता. दुसऱ्या, क्रुकियस पंपघरातल्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास साडेतीन मीटरांहून अधिक आहे. आज तिथे संग्रहालय आहे. 1848 ते 1852 एवढ्या काळात सुमारे 80 कोटी घनमीटर पाणी उपसून तळे कोरडे केले. पहिल्या वसाहतकऱ्यांच्या वाट्याला चिखल, हिवताप आणि कॉलरा आला. नंतर शेती पिकली. 1916 साली त्याच चिखलात लष्करी विमाने उतरू लागली आणि 1920मध्ये लंडनहून प्रवासी विमान आले.

आता हिशेबाची गंमत पाहा. बांधकामाचा खर्च एकदाच करावा लागला, पण उपशाला मुदत नाही. पाऊस पडतो, जमिनीतून पाणी पाझरते, ते रोज उचलून वरच्या कालव्यात टाकावे लागते. शिवाय कोरडी केलेली जमीन हळूहळू दबते. म्हणजे व्याज भरतच राहायचे आणि मुद्दलही थोडे थोडे वाढणार. डच माणसाने हे देणे वहीत स्पष्ट लिहून ठेवले आहे. तिथे पाण्याची स्वतंत्र मंडळे आहेत. या भागाचे राइनलांड मंडळ तेराव्या शतकापासूनचे. मंडळासाठी मतदान होते, मंडळ कर बसवते आणि त्यातून बांध, कालवे, पंप यांची निगा राखते. समुद्राखाली राहायचे तर त्याचे भाडे द्यावे लागते, हे तिथल्या भाडेकरूलाही दरवर्षी बिलातून कळते.

आपल्याकडे उणे आकडा नाही. मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 11 मीटर वर आहे. पण मिठी नदी त्याच्या धावपट्टीखालून वाहते, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा विमानतळ बंद करावा लागला. अकरा मीटरांची शिल्लक एका दिवसात पाण्यात गेली. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, सखल जमिनीवर भराव घातला, गावे उठवली. 25 डिसेंबर 2025पासून तिथून विमाने उडू लागली. उंची विकत घेतली, ठीक आहे. पण वळवलेल्या पाण्याला वाट लागतेच, आणि ती वाट मोकळी ठेवण्याचा खर्च दर पावसाळ्यात नव्याने येतो.

हे आपल्याला अगदीच परके नाही. कोकणातल्या खारभूमीचा शेतकरी हे पिढ्यान् पिढ्या जाणतो. बांधाला खांड पडली की अख्खा गाव पाट्या-फावडी घेऊन धावे, कारण खारे पाणी एकदा शेतात शिरले तर पुढची काही वर्षे भात गेले. त्या बांधाचा मालक एकटादुकटा नव्हता, सगळे होते. विमानतळाचे प्रवासी, मजले आणि उत्पन्न यांचे आकडे आपल्याला वर्तमानपत्रात वाचायला मिळतात. त्याच ताळेबंदात एक ओळ पाण्याचीही असावी : नाला कोणी उपसायचा, उघाडीचे दार कोणी दुरुस्त करायचे, आणि कोणत्या पैशातून. ती ओळ कोरी ठेवली तरी देणे चुकत नाही. पाणी वसुलीला येते, आणि येताना ते नोटीस पाठवत नाही.