तीन स्क्रू की एक प्लेट?

सिद्धेश्वरला घरी गेलो की "जबड्यावर नेमकं काय करतोस?" हा प्रश्न ठरलेला. मी सांगतो: दोन फळ्या एकाच स्क्रूने जोडल्या तर फिरतात, त्रिकोणात तीन मारले की नाही.

ट्राउनर-ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत खालच्या जबड्याचं हाड उभं चिरून दोन पदर करतात आणि जबडा सरकवतात. मग दोन्ही पदरांतून जाणारे तीन स्क्रू, किंवा बाहेरून एक मिनीप्लेट. कृत्रिम जबड्यावर भार दिला की त्रिकोणी स्क्रूंची जोडणी सहसा कमी हलते. पण ऑपरेशननंतर पेशंट काही आठवडे हलकंच चावतो, त्यामुळे बऱ्याचदा प्लेटही पुरते. शिवाय आवळलेल्या स्क्रूने नस दबू शकते.

म्हणून "सर्वांत मजबूत कोणतं?" हा संशोधनाचा प्रश्न अपुरा आहे. किती न्यूटनला किती मिलिमीटर हललं, आणि पेशंट तेवढा भार देतो का, हे विचारा.